पिएर माँतो : साथ आणि संचालन

प्रस्तावना :
पाश्चात्त्य संगीतात बॅलेच्या वाद्यवृंद-संचालकाला दुय्यम मानण्याची प्रवृत्ती दिसते. त्याची लय नर्तकाच्या पावलांशी बांधलेली, म्हणून तो केवळ साथीदार, असा हा समज होय. फ्रेंच संचालक पिएर माँतो (१८७५-१९६४) यांच्या कारकिर्दीच्या आधारे या समजाची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बॅलेचे पर्व :
व्हायोलावादक म्हणून घडलेल्या माँतो यांनी द्यागिलेव यांच्या 'बॅले रूस'साठी स्त्राविन्स्की यांचे 'पेत्रुश्का' (१९११) आणि राव्हेल यांचे 'दाफ्नि ए क्लोए' (१९१२) प्रथम सादर केले. २९ मे १९१३ रोजी पॅरिसमध्ये 'द राइट ऑफ स्प्रिंग'च्या पहिल्या प्रयोगात प्रेक्षागृहात प्रचंड गोंधळ माजला. नर्तकांना वाद्यवृंद ऐकू येईना, म्हणून निजिन्स्की विंगेतून मात्रा मोजत ओरडत होते. माँतो यांनी मात्र रचना शेवटपर्यंत नेली. वास्तविक ही रचना त्यांना प्रथमश्रवणी आवडली नव्हती. तरीही १९२९ ते १९५६ या काळात त्यांनी तिचे चार वेळा ध्वनिमुद्रण केले. वैयक्तिक आवड आणि कलाकृतीविषयीची जबाबदारी यांतील भेद येथे स्पष्ट होतो.

वाद्यवृंदाचे पर्व :
पुढे बोस्टन (१९१९-२४) व सॅन फ्रान्सिस्को (१९३६-५२) येथील वाद्यवृंदांची धुरा त्यांनी वाहिली. १९२० मधील संपामुळे अनेक वादक सोडून गेले असता बोस्टनचा वाद्यवृंद त्यांनी नव्याने उभा केला. १९६१ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, लंडन सिम्फनी वाद्यवृंदाशी त्यांनी २५ वर्षांचा करार केला!

मूल्यमापन :
पहिल्या प्रयोगानंतर ४७ वर्षांनी, १९५९ मध्ये, लंडन सिम्फनीसह केलेले संपूर्ण 'दाफ्नि'चे ध्वनिमुद्रण या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. त्यात नर्तक नाहीत. तथापि लयीला पावलांचा तोल आहे. उत्कर्षबिंदू आधीच उधळला जात नाही आणि प्रत्येक वाद्याचा स्वर वेगळा ऐकू येतो. बॅलेची शिस्त येथे बंधन न राहता दृष्टी बनते.

या निरहंकारी वृत्तीची किंमतही माँतो यांना मोजावी लागली. ब्राह्म्स हे त्यांचे आवडते रचनाकार. परंतु 'फ्रेंच संगीताचा जाणकार' हाच शिक्का त्यांच्यावर बसला. स्वतःला रचनेमागे ठेवणाऱ्या कलावंताचे कर्तृत्व समीक्षेच्या नजरेतून सहज निसटते.

निष्कर्ष :
माँतो यांच्या बाबतीत साथ ही संचालनाची कनिष्ठ पायरी नसून त्याचा पाया होती. म्हणून संचालकाचे मूल्यमापन करताना त्याने रचनेवर किती ठसा उमटवला, यापेक्षा रचना किती स्पष्टपणे श्रोत्यांपर्यंत पोहोचवली, हा निकष अधिक न्याय्य ठरतो.