‘नटसम्राट’ पुन्हा पाहताना: आप्पांनी मृत्युपत्र का नाही केलं?

धान निघालं की मौद्यात वाटण्यांच्या गोष्टी सुरू होतात. यंदा आमच्या घरीही झाल्या. बाबा म्हणाले, "शेत आत्ताच तुम्हा दोघा भावांच्या नावावर करून टाकतो, म्हणजे मी मोकळा." त्याच आठवड्यात मी मोबाइलवर ‘नटसम्राट’ पुन्हा पाहिलं. या वेळी रडू आलं नाही, राग आला. आणि तो मुलांचा नव्हता.

वि. वा. शिरवाडकरांचं हे नाटक १९७० साली रंगभूमीवर आलं. दिग्दर्शक आपल्या नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर, आप्पासाहेब बेलवलकर झाले डॉ. श्रीराम लागू. तेव्हापासून आपण ते ‘कृतघ्न मुलांचं नाटक’ म्हणून पाहत आलो. पण आप्पा नेमकं काय करतात ते बघा. मृत्युपत्र करत नाहीत, जिवंतपणीच सगळं मुलामुलीला देऊन टाकतात. हा फरक फक्त वकिलांच्या कामाचा नाही, अख्खं नाटक त्यावर उभं आहे.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणीची सक्ती नाही आणि लिहिणारा जिवंत असेपर्यंत ते कितीदाही बदलता येतं. बक्षीसपत्र सहसा मागे घेता येत नाही. मृत्युपत्र उघडतं तेव्हा देणारा समोर नसतो, त्याला कौतुक ऐकायला मिळत नाही. आप्पा नट आहेत, त्यांना ते कसं चालेल? त्यांना देण्याचा प्रवेश स्वतः करायचा आहे आणि टाळ्याही ऐकायच्या आहेत. शेक्सपिअरचा लिअर राजाही हेच करतो. दोघांनाही मालमत्ता देऊन प्रेमाची पावती हवी आहे.

नाटक कमी पडतं ते कावेरीपाशी. मुलीच्या घरी चोरीचा आळ येतो, तिथून दोघं बाहेर पडतात, वाटेत कावेरी जाते. आपण आप्पांसाठी रडतो. पण जे वाटलं गेलं त्यात तिचा वाटा किती होता, हा प्रश्न नाटक उभाच करत नाही. तिचं मरण आप्पांच्या शोकांतिकेतला एक टप्पा होऊन जातं.

महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त उलटं आहे. तिथे तात्याजी आधीच गेलेत आणि तेराव्याचा खर्च, दागिने, हिस्से सगळं मागे राहिलेल्यांच्या गळ्यात आहे. वैदर्भी घरात न बोललेलं कसं कुजतं ते एलकुंचवार दाखवतात, आणि त्यातली आई, प्रभा आपल्याला विसरता येत नाहीत. शिरवाडकरांची भाषा मोठी, पण घरातली बाई एलकुंचवारांना जास्त दिसली.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आता एक सोय आहे. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि मुलांनी अट मोडली, तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. म्हणजे आप्पांना आज दाद मागता आली असती, जर त्यांनी अट घातली असती तर. प्रेमापोटी देणारा अट घालत नाही, पेच तोच आहे.

मी बाबांना म्हटलं, आत्ता काही नावावर करू नका, मृत्युपत्र लिहा. त्यांना ते अभद्र वाटलं. मग विचारलं, यात आईचं नाव कुठे? ते गप्प झाले. आई चुलीपाशीच होती. म्हणाली, "हे मला आजवर कोणी विचारलंच नाही."

कागद अजून कोराच आहे. पण आता चर्चेला तीही बसते.