कामिनीचं गाणं: ‘महल’ आणि दोरीवरचा साप

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका तरुणाने विचारलं, ‘सर, भीतीची गाणी रॉकवाल्यांनीच केली ना?’ त्याच्या मोबाइलवर ब्लॅक सॅबथ या इंग्लिश बँडचं १९७० सालचं, बँडच्याच नावाचं गाणं होतं. ऐकलं मी. आधी पाऊस, मेघगर्जना, घंटा. मग जड गिटार. नावही बोरिस कार्लॉफच्या भयपटावरून उचललेलं. धून उभी आहे षड्ज आणि पंचमाआधीचा स्वर यांतल्या अंतरावर. युरोपात या अंतराला सैतानाचं म्हणत. आपल्या यमनात तोच तीव्र मध्यम किती सोज्वळ लागतो! म्हणजे भीती स्वरात नसते, मांडणीत असते.

मला आठवलं १९४९ सालच्या ‘महल’मधलं ‘आएगा आनेवाला’. बॉम्बे टॉकीजचा चित्रपट, कमाल अमरोहींचं पहिलं दिग्दर्शन, खेमचंद प्रकाशांचं संगीत. लताबाई तेव्हा विशीच्या. आवाज दुरून जवळ यायला हवा होता. त्या काळी त्यासाठी यंत्र कुठलं? त्या माइकपासून लांब उभ्या राहिल्या आणि गात गात चालत जवळ आल्या. हा किस्सा सगळे सांगतात, बरं का, पण त्यानेच सगळं साधलं असं मला वाटत नाही. सुरुवातीचा भाग तालाशिवाय आहे. ठेका नसला की कानाला पाय टेकायला जागा मिळत नाही. खरी धास्ती तिथे आहे.

आता कथेकडे या. ज्या बाईला नायक भूत समजतो, ती कामिनी नाहीच. ती माळ्याची मुलगी. सगळं सोंग! वेदान्तातला दोरीवरचा साप आठवा. दिवा आणला की साप बाधित होतो, भीतीही जाते. मग शेवट माहीत असूनही हे गाणं ऐकताना अंगावर काटा का येतो? माझं उत्तर असं, की गाण्यात भूत नाहीच, वाट पाहणं आहे. दिवा लावून ते जात नाही. चित्रपट मात्र शेवटी खुलासे करत बसतो आणि माझ्या मते तिथेच गाण्यापेक्षा लहान होतो.

आणखी एक सोंग होतं, ते पडद्याबाहेरचं. रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’! जी कथेतही खरी नाही, तिचं नाव एका जिवंत गळ्याला. लताबाई दीनानाथांच्या नाटक मंडळीच्या घरातल्या. तिथे गाणारा समोर दिसतो, त्याला वन्समोअर मिळतो. इथे गाणारीच भूत झाली. श्रोत्यांनी रेडिओला पत्रं लिहून विचारलं, तेव्हा कुठे नाव कळलं.

खेमचंद प्रकाश १९५० मध्ये गेले. या गाण्याच्या गप्पांत त्यांचं नाव आजही तिसरं-चौथं येतं, याची मला चीड येते. चला, प्रश्न घेऊ.