२१६१ : एका आकड्याची उलटतपासणी

किनारी विकासावर संशोधन करायचं ठरवलंत की 'शाश्वत विकास' हा शब्द पहिल्याच पानावर भेटतो. केंद्र सरकारच्या १८ जानेवारी २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेतही तो आहे. सोबत मच्छीमारांची उपजीविका आहे, समुद्राच्या वाढत्या पातळीचा उल्लेखही आहे. पण प्रस्तावनेवर थांबू नका. आतले आकडे वाचा.

२०११ च्या अधिसूचनेत ग्रामीण समुद्रकिनाऱ्यावर उच्चतम भरती रेषेपासून साधारणपणे २०० मीटरपर्यंत 'ना-विकास क्षेत्र' होतं. २०१९ मध्ये या किनाऱ्याचे दोन गट झाले. २०११ च्या जनगणनेनुसार जिथे दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोक राहतात, तिथे नवा किनारा आराखडा मंजूर झाला की ही पट्टी ५० मीटरवर येते. बाकी ठिकाणी ती २०० मीटरच राहते. म्हणजे वस्ती जितकी दाट, तितकं बांधकाम समुद्राच्या जवळ!

यामागची अडचण खरी आहे, हे मान्य करायलाच हवं. कुटुंबं वाढतात, घराला जागा लागते. पण २०११ च्या नियमांत पारंपरिक किनारी समाजांच्या घरांसाठी १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात सवलत होतीच. ती पुरेशी नव्हती असं म्हणता येईल. पण ती कुणासाठी, हे तरी स्पष्ट होतं. घनतेचा निकष माणूस बघत नाही. सुटलेल्या १५० मीटरमध्ये कोळ्याचं वाढीव घर येऊ शकतं, तसं हॉटेलही येऊ शकतं. दोघांपैकी जमीन कोणाला परवडेल, सांगायला नको. आणि बोंबील सुकवायची, होड्या ओढून ठेवायची, जाळी दुरुस्त करायची जागा तर बहुधा याच पट्टीत असते.

आता पद्धतीचा प्रश्न. घनता मोजायची कोणत्या हद्दीवर? कोकणात महसुली गावाच्या हद्दीत डोंगर आणि शेतीही येते. खाली समुद्राकाठची वाडी कितीही दाटीची असो, गावाची सरासरी कमीच दिसणार. ज्यांना घरासाठी जागा हवी, तेच निकषाबाहेर राहू शकतात. शिवाय २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे 'वाढती' वस्ती २०११ च्या आकड्यातच अडकलेली.

तिसरी गोष्ट धोका रेषेची. पूर, धूप आणि समुद्रपातळी लक्षात घेऊन आखायची ही रेषा २०१९ मध्ये नियमनातून बाहेर पडली आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या नियोजनाचं साधन तेवढी उरली. प्रस्तावनेत ज्या धोक्याची दखल घेतली, त्यावर बांधकामाचं अंतर मात्र ठरत नाही.

तेव्हा तुमच्या प्रस्तावात 'शाश्वत विकास होतोय का?' असा मोघम प्रश्न लिहू नका. एक गाव घ्या, त्याचा किनारा आराखडा मिळवा आणि विचारा : ही १५० मीटर जमीन आज कोण, कशासाठी वापरतं? नियम बदलल्यावर ती कोणाकडे जाईल? उत्तरासाठी तलाठ्याकडचा सातबारा जितका लागेल, तितकंच मासे सुकवणाऱ्या बायकांशी बोलणंही लागेल.