'इलियड'मधील मुक्तिमूल्य आणि वीराचा मान

होमरच्या 'इलियड'मधील वीरवृत्तीचे विवेचन करताना चर्चा सामान्यतः दोन शब्दांभोवती फिरते : 'क्लेओस' म्हणजे कीर्ती आणि 'तिमे' म्हणजे मान. हे स्वाभाविकच आहे. 'क्लेओस' आणि ऋग्वेदातील 'श्रवस्' हे एकाच मूळ धातूचे अंकुर असल्यामुळे आपल्या विद्यार्थ्याला तर त्या शब्दाची विशेष ओढ वाटते. परंतु ह्याच काव्यात पहिल्या सर्गापासून चोविसाव्या सर्गापर्यंत ओवला गेलेला तिसरा एक शब्द आहे. तो दिसायला अगदी व्यवहारी आहे : 'अपोइना'. बंदिवानाच्या किंवा शवाच्या सुटकेसाठी द्यावयाचे मुक्तिमूल्य असा त्याचा अर्थ. अकिलीसच्या चरित्राचा उलगडा कीर्तीपेक्षा ह्या शब्दाच्या वाटेने अधिक चांगला होतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

काव्याचा आरंभच एका नाकारलेल्या मुक्तिमूल्याने होतो. अपोलोचा वृद्ध पुजारी आपल्या कन्येच्या सुटकेसाठी अगणित मुक्तिमूल्य घेऊन ग्रीकांच्या छावणीत येतो. पुजाऱ्याचा मान राखावा आणि मूल्य स्वीकारावे, असे इतर सर्व योद्धे एकमुखाने म्हणतात. एकटा अगामेम्नॉन त्याला धमकावून घालवून देतो. पुढे रोगराईमुळे ती कन्या परत करणे भाग पडले, तेव्हा आपला 'गेरास', म्हणजे लुटीतील मानाचा वाटा, गेला म्हणून तो अकिलीसकडून ब्रिसेइसला हिरावून घेतो. येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की, मानाचा वाटा सर्व सैन्याने मिळून दिलेला असतो. तो एकाने काढून घेणे म्हणजे केवळ एका वीराची हानी नव्हे. ज्या नाण्यात मान मोजला जातो ते नाणेच खोटे ठरविणे होय.

अकिलीस मूळचा मुक्तिमूल्य नाकारणारा पुरुष नाही, हे होमरने मोठ्या कौशल्याने, जवळजवळ सहज बोलता बोलता सांगितले आहे. सहाव्या सर्गात अँड्रोमाकी हेक्टरला आपल्या माहेरच्या संहाराची कथा सांगते. अकिलीसने तिच्या पित्याला ठार केले. पण त्याची शस्त्रे उतरविली नाहीत, शस्त्रांसह त्याचे दहन करून वर समाधीची माती रचली. तिच्या आईला त्याने अगणित मुक्तिमूल्य घेऊन सोडून दिले. त्याच सर्गात मेनेलाऊस एका शरणागताला मुक्तिमूल्य घेऊन जीवदान देण्याच्या बेतात असतो आणि अगामेम्नॉन धावत येऊन ते घडू देत नाही. ह्या प्रथेचे भान कोणाला होते आणि कोणाला नव्हते, हे येथे स्पष्ट होते.

नवव्या सर्गातील शिष्टाईचा प्रसंग ह्या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. अगामेम्नॉनने देऊ केलेल्या वस्तूंची यादी लांबलचक आहे : ७ तिपाया, १० टॅलेंट सोने, २० हंडे, १२ घोडे, लेस्बॉसच्या ७ स्त्रिया, स्वतः ब्रिसेइस, आणि पुढे एका कन्येसह ७ नगरे. ह्या सर्वाला तो स्वतः 'अपोइना' म्हणतो. आणि आपण अधिक श्रेष्ठ राजे व वयाने वडील असल्याने अकिलीसने नमते घ्यावे, असे शेवटी जोडतो. ओडिसियस निरोप सांगताना यादी जवळजवळ शब्दशः म्हणतो. परंतु 'अपोइना'च्या जागी 'देणग्या' असा शब्द योजतो आणि ते शेवटचे वाक्य गाळतो. मुत्सद्दी माणसाचे हे शहाणपण खरे, पण अकिलीसला न ऐकलेलेही ऐकू येते. मूल्य देऊन सोडवून घेतला जातो तो बंदिवान. हे मूल्य स्वीकारणे म्हणजे देणाऱ्याचे वडीलपण मान्य करणे. 'अपोइना' आणि हानीची भरपाई दर्शविणारा 'पोइने' ह्या शब्दांतील भेद डॉना विल्सन यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तपशिलाने मांडला आहे, आणि त्या भेदाशिवाय अकिलीसचा नकार केवळ हट्ट वाटतो.

अकिलीसच्या उत्तराविषयी ॲडम पॅरी यांनी १९५६ साली लिहिलेला छोटा निबंध अजूनही वाचनीय आहे. सर्व वीरांची भाषा साचेबंद व समाजमान्य असल्याने, अकिलीसला आपला भ्रमनिरास व्यक्त करण्यास स्वतःची भाषाच उपलब्ध नाही. म्हणून तो त्याच भाषेचा विपरीत उपयोग करतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हे मत आकर्षक आहे, पण पूर्णपणे पटत नाही. अकिलीसला भाषा सापडलेली आहे, आणि ती देवघेवीचीच आहे. लढणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला वाटा सारखाच, ही त्याची पहिली तक्रार हिशेबाची आहे. गुरेढोरे लुटून आणता येतात, तिपाया मिळविता येतात, पण दातांच्या कुंपणाबाहेर पडलेला प्राण लुटूनही परत येत नाही, हे त्याचे दुसरे म्हणणेही हिशेबाचेच आहे. बाराव्या सर्गात सार्पेडॉन ग्लॉकसला समजावतो की, लिशियातील मानाचे आसन, मांस आणि जमीन ह्यांच्या बदल्यात आपण आघाडीवर लढले पाहिजे, आणि मरण टळतच नाही तर ते कीर्तीसाठी पत्करावे. अकिलीसही मरणापासूनच सुरुवात करतो, पण त्याला दिसते ते असे की, दोन्ही पारड्यांतील वस्तू एका जातीच्या नाहीत. अक्षय कीर्ती हा शब्दसमूह 'इलियड'मध्ये एकदाच येतो, तो ह्या भाषणात. आणि ती कीर्ती सोडून घरी जाण्याचा विचार बोलून दाखविला जात असताना येतो, हे मार्मिक आहे.

पात्रोक्लसच्या मृत्यूनंतर ह्याच विचाराला भीषण रूप येते. एकविसाव्या सर्गातील लिकाओन हा पूर्वी अकिलीसनेच पकडून लेम्नॉसला विकलेला प्रायमचा पुत्र. तो पुन्हा पाया पडतो, तेव्हा अकिलीस त्याला मुक्तिमूल्याचे नावही काढू देत नाही. हेक्टरला तर तो बजावतो की, दसपट-वीसपट मूल्य आणले किंवा प्रायमने सोन्याने तुला केली तरी शव देणार नाही. अगामेम्नॉनच्या देणग्या नाकारताना त्याने हेच दसपट-वीसपटीचे माप वापरले होते. मौखिक परंपरेतील साचेबंद उक्तींवर अर्थाचा फार भार टाकू नये, हा मिल्मन पॅरी यांच्या १९२८ च्या प्रबंधांपासूनचा धडा आपण विसरत नाही. परंतु येथे भार उक्तीवर नसून ती कोणाच्या तोंडी व कोणत्या प्रसंगी येते ह्यावर आहे. राजाचा अन्याय नाकारणारा जो युक्तिवाद, तोच मेलेल्या शत्रूचा अंत्यविधी नाकारतो. वीराच्या थोरवीचे स्तोत्र गाणारे टीकाकार येथे बहुधा घाईने पुढे जातात.

तेविसाव्या सर्गातील क्रीडांविषयी एवढेच म्हणणे पुरे की, तेथे बक्षिसे वाटणारा अकिलीस आहे, आणि काव्यात त्याच्या मुखावर स्मित उमटते ते तेथेच. मान वस्तूंतून पुन्हा वाहू लागला आहे. मात्र तंबूत परतल्यावर त्याची झोप उडालेलीच आहे.

चोविसाव्या सर्गात पुन्हा एक वृद्ध पिता अपत्यासाठी अगणित मुक्तिमूल्य घेऊन येतो. प्रायमच्या गाडीत वस्त्रे, हंडे आणि तिपाया आहेत, आणि सोने १० टॅलेंट, म्हणजे अगामेम्नॉनने देऊ केले होते तेवढेच. ही तर झ्यूसची आज्ञा होती, अकिलीसचे त्यात काय, असा आक्षेप घेतला जातो. झ्यूसने शव चोरून नेऊ न देता मूल्य घेऊन देण्याची योजना केली, ती अकिलीसचा मान राहावा म्हणूनच, हेही खरे. पण प्रायमबरोबर रडण्याची आज्ञा कोणी दिली नव्हती. त्याला जेवू घालण्याची, अंत्यविधीसाठी किती दिवस हवेत असे विचारून तितके दिवस युद्ध थांबविण्याची आज्ञाही नव्हती. शिवाय हा अकिलीस निवळलेला साधुपुरुष नाही. मला डिवचू नकोस, नाहीतर माझा तोल जाईल, असे तो म्हाताऱ्याला दरडावतो, आणि ते खोटे वाटत नाही.

ह्या वेळी देणारा वडीलपण गाजवीत नाही. आपल्या पुत्राला मारणाऱ्या हातांचे तो चुंबन घेतो. म्हणून जे मूल्य नवव्या सर्गात अपमान होते ते येथे स्वीकारता येते. प्राणाची किंमत त्यात भरून आलेली नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. गाडीतून मुक्तिमूल्य उतरविताना अकिलीस दोन वस्त्रे व एक अंगरखा मागे ठेवतो, ते हेक्टरचे शव झाकण्यासाठी. मग तो मोठ्याने विव्हळून पात्रोक्लसला हाक मारतो : हेक्टरला परत दिले हे अधोलोकात तुझ्या कानी आले तर रागावू नकोस, मूल्य हलके मिळालेले नाही, आणि त्यातला तुझा योग्य वाटा मी तुला देईन.