मैदानातील श्रोता

संगीताची समीक्षा आपल्याकडे बहुधा गायकाची होते, घराण्याची होते, फार तर एखाद्या बंदिशीची होते. श्रोत्याची समीक्षा क्वचितच होते. ‘रसिक’ या एका गौरवपर शब्दात त्याची बोळवण केली की समीक्षकाचे कर्तव्य संपते. वास्तविक गाणे जितके गायकाच्या तयारीवर उभे असते, तितकेच ऐकणाऱ्याच्या तयारीवरही उभे असते. ऐकण्याच्या रीती झपाट्याने पालटत असताना तर श्रोता हाच समीक्षेचा विषय व्हावयास हवा. प्रस्तुत लेखात आम्ही अशा एका श्रोत्याचा विचार करणार आहोत, ज्याच्याविषयी आपल्या बैठकांत वरचेवर बोलले जाते, पण आस्थेने क्वचितच. मोकळ्या मैदानात उभा राहून दोन-दोन, तीन-तीन दिवस रॉक संगीत ऐकणारा, आपल्याच घरातील तरुण, हा तो श्रोता होय.

पांढुर्णा आणि सौसर परिसरातील जुन्या मराठी घरांतून नागपूर, पुणे, बंगळूर येथे शिक्षणासाठी व नोकरीसाठी गेलेली मुले आता पुष्कळ आहेत. वर्षातून एकदा ती अशा महोत्सवाला जातात, त्यासाठी रजा राखून ठेवतात आणि पगारातून पैसे बाजूला काढतात. घरच्या ज्येष्ठांचे त्यावर दोन आक्षेप ठरलेले असतात. पहिला, हे संगीत नव्हे, गोंगाट आहे. दुसरा, हे आपले नव्हे, परके आहे. हे आक्षेप तपासून पाहिल्यावाचून स्वीकारणे जसे योग्य नव्हे, तसेच काळाबरोबर चालण्याच्या हौसेने ते उडवून लावणेही योग्य नव्हे.

प्रथम या संगीताचे नाव पाहू. त्यास ‘इंडी’ म्हणतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांचा आधार न घेता लहान लहान स्वतंत्र संस्थांनी आपल्या तबकड्या काढल्या, त्या स्वातंत्र्यावरून हा शब्द आला. आपल्या देशात त्याला आणखी एक अर्थ चिकटला, तो म्हणजे चित्रपटसंगीताबाहेरचे. १९८६ साली मुंबईत ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू झाला. धोबीतलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात तो अनेक वर्षे भरत असे. २०१० साली पुण्यात ‘एनएच७ वीकेंडर’ सुरू झाला आणि एकाच मैदानावर अनेक रंगमंच मांडण्याची पद्धत तरुणांच्या अंगवळणी पडली. २०२३ च्या जानेवारीत मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘लोलापलूझा’ हा मूळचा अमेरिकेतील महोत्सव भरला. म्हणजे ज्या गोष्टीस आपण कालपरवाचे खूळ समजतो, तिचा आपल्या भूमीवरील इतिहासही चार दशकांचा होत आला.

या महोत्सवात श्रोता नेमके काय करतो? आमच्या परिचयातील पांढुर्ण्याचा एक तरुण पुण्यात नोकरीस असताना काही वर्षे नेमाने वीकेंडरला जात असे. त्याच्याशी सविस्तर बोललो, तेव्हा जे चित्र उभे राहिले ते आमच्या कल्पनेहून बरेच वेगळे होते. मनगटावर कापडी पट्टी बांधून मैदानात प्रवेश मिळतो. आत खुर्ची नसते. चार-पाच रंगमंचांवर एकाच वेळी निरनिराळे चमू गात असतात आणि कोणी केव्हा गाणार याचा तक्ता हाती असतो. जाणता श्रोता दुपारी ऊन उतरण्यापूर्वीच पोहोचतो, कारण अनोळखी चमूंना तीच वेळ दिलेली असते. समोर पन्नास माणसेही नसतात. “काका,” तो आम्हांस म्हणाला, “रात्रीचा मोठा बँड ऐकायला सगळेच येतात. पण दुपारी तीन वाजता ज्याला आम्ही चाळीस जणांनी ऐकलं, तोच दोन वर्षांनी रात्री नऊला हजारोंसमोर उभा राहिला, तेव्हा वाटलं की यात आमचाही थोडा वाटा आहे.”

हे उद्गार आम्हांस महत्त्वाचे वाटतात. नाव झालेल्या कलावंतास ऐकणे सोपे असते, कारण त्याच्या थोरवीची ग्वाही इतरांनी आधीच दिलेली असते. नाव न झालेल्यास उन्हात उभे राहून ऐकणे व स्वतःच्या कानावर विसंबून त्यास दाद देणे, ही रसिकतेची खरी कसोटी होय. जुन्या मैफलींतील जाणकार नेमके हेच करीत असत.

मात्र या श्रोत्याचे दोषही तितकेच स्पष्ट आहेत. अनेक रंगमंचांची सोय हीच त्याची अडचण होऊन बसते. एक गाणे रुचले नाही की पाय दुसऱ्या मंचाकडे वळतात. तिकडे काही चांगले सुटत तर नसेल, या शंकेने समोरचे चांगलेही अर्धवट ऐकले जाते. जे संगीत प्रथम दुर्बोध वाटते आणि अर्ध्या तासाने उलगडते, त्याला या मैदानात थारा मिळणे कठीण. हात उंचावून भ्रमणध्वनीवर चित्रण करणाऱ्यांचे कान त्या वेळी कोठे असतात, हा प्रश्न तर आता सर्वच मैफलींना विचारता येईल. शिवाय स्वातंत्र्य मिरविणाऱ्या या संगीताच्या माथ्यावर जाहिरातदारांची नावे झळकतात. बकार्डी या मद्याचे नाव वीकेंडरच्या नावाआधी अनेक वर्षे लागत असे. चित्रपटाच्या निर्मात्यापासून सुटलेला कलावंत मद्याच्या व्यापाऱ्याच्या आश्रयास गेला, तर तो कितपत स्वतंत्र म्हणावा? तिकिटांचे दरही असे की सौसरच्या संत्राबागेत मजुरी करणाऱ्याच्या मुलास ते मैदान बाहेरूनच पाहावे लागेल.

येथे आपल्या ज्येष्ठांस पुण्याचाच दुसरा महोत्सव आठवेल. सवाई गंधर्वांच्या स्मृतिप्रीत्यर्थ पं. भीमसेन जोशी यांनी १९५३ साली सुरू केलेला तो महोत्सव रमणबागेच्या पटांगणात कित्येक वर्षे भरत असे. तेथे मंच एकच. ज्येष्ठांना ऐकावयाचे तर आधी नवोदितांना ऐकावेच लागे, आणि त्या सक्तीतून कितीतरी कान तयार झाले. रात्र सरत आली की ज्या प्रहराचे राग एरवी मैफलीत दुर्मीळ, ते ललत, भैरव, तोडी तेथे आपल्या वेळी ऐकावयास मिळत. एका मंचापुढे ठाण मांडून बसण्याची ही शिस्त मैदानी श्रोत्याजवळ नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु सवाईच्या मंडपात बसलेले सारेच जाणकार असतात, हाही एक गोड समज आहे. ठरावीक नावापुरते येऊन बाकीचा वेळ खाद्यपदार्थांच्या दुकानांपाशी घालविणारे तेथेही असतात, आणि ताना मोजून टाळ्या देणारेही असतात.

गोंगाटाच्या आक्षेपाचा निवाडा कायद्याने वेगळ्याच रीतीने केला. २००० साली केंद्र शासनाने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. त्यांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत खुल्या जागी ध्वनिवर्धकास बंदी आली. वर्षातील मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार तेवढा राज्यांकडे राहिला. रुग्णालये, शाळा-महाविद्यालये व न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला. परिणामी रुग्णालय व महाविद्यालय यांच्या सान्निध्यातील रंगभवनातून रॉक संगीत उठले, आणि सवाईची पहाटेपर्यंत रंगणारी सत्रेही संपली. नियमाने राग आणि रॉक असा भेद केला नाही, केवळ आवाज मोजला. दोन्हीकडील श्रोत्यांनी एकमेकांस परके मानले, तरी त्यांचे नुकसान एकाच कलमाने झाले. हा नियम नसावा असे आमचे म्हणणे नाही, रुग्णाची झोप तानेपेक्षा मोलाची आहे. मात्र आवाज मोठा एवढ्यावरून ते संगीत नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी आपल्या घरच्या वरातीपुढे कोणते यंत्र लावले होते, याचे स्मरण अवश्य करावे.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या चमूचा ‘कंदिसा’ हा संग्रह २००० साली निघाला. त्याचे शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतील प्रार्थनेवर बेतलेले आहे, आणि त्याच संग्रहात ‘मा रेवा’ हे नर्मदेचे गीत आहे. त्या चमूतील बास गिटारवादक व गायक राहुल राम हे नर्मदा बचाव आंदोलनात काम केलेले गृहस्थ. नर्मदेच्या प्रदेशात राहणाऱ्या आपण हे गीत परके म्हणावे, हे आम्हांस चमत्कारिक वाटते. कबीराचे उदाहरण तर याहून बोलके आहे. १९४८ साली प्रकृतीच्या कारणाने देवासला येऊन राहिलेल्या कुमार गंधर्वांनी माळव्याचे लोकसंगीत व निर्गुणी भजने ऐकली आणि ती रागसंगीताच्या मैफलीत प्रतिष्ठित केली. त्याच माळव्यात प्रल्हादसिंह टिपानिया यांनी तंबूऱ्यावर कबीर गाऊन गावोगावी नेला. त्यांच्या गायनाने प्रभावित होऊन नीरज आर्य यांनी मुंबईत ‘कबीर कॅफे’ हा चमू उभारला. अशोक रानडे यांनी भारतीय संगीताचे जे प्रवर्ग सांगितले, त्यांत आदिम, लोक, भक्ती, कला आणि जनसंगीत यांच्या जोडीस ‘संगम संगीत’ असाही एक आहे. हे संगीत बहुधा त्यात बसेल. प्रवर्ग कोणताही असो, ज्याची वाट माळव्यातून जाते त्यास परके म्हणता येणार नाही.

परकेपणा असतोच तर तो सुरात नसून ऐकण्यात असतो. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशाच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात पं. रविशंकर, उस्ताद अली अकबर खाँ व उस्ताद अल्लारखा यांनी वाद्ये जुळविली, तेव्हाच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. जुळवणीच इतकी आवडली असेल तर वादन याहून आवडेल अशी आशा आहे, अशा अर्थाचे मिस्कील उद्गार रविशंकरांनी काढले. त्या श्रोत्यांस हसणे सोपे आहे. परंतु ते अपरिचित संगीतासमोर शांत बसले आणि पुढचेही ऐकून घेतले, हे आपण विसरतो. आपल्यापैकी किती ज्येष्ठांनी नातवाच्या आवडीचे एक गाणे अथपासून इतिपर्यंत ऐकले आहे?

आता आपल्या भागाकडे वळू. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर व विदर्भ पलीकडे गेले आणि आपण मध्यप्रदेशात राहिलो. शाळा-कचेरीची भाषा हिंदी झाली. तरी आपली मराठी टिकली ती पुष्कळ अंशी भजनामुळे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या तालावर मराठी व हिंदी या दोन्ही भाषांत भजने गाऊन विदर्भातील गावे जागी केली, आणि तो ताल आपल्या गावांतही रुजला. त्याला ना चित्रपटाचा आधार, ना कंपनीचा. ‘इंडी’ या शब्दाचा जो मूळ अर्थ वर सांगितला, तो खंजिरी भजनाला मुंबई-पुण्याच्या कोणत्याही चमूपेक्षा अधिक लागू पडतो. शिवाय येथे गाणारा व ऐकणारा हा भेदच नाही. जो येतो तो टाळ हाती घेतो आणि धृपदात मिसळतो. वर उल्लेखिलेल्या तरुणास आम्ही विचारले, त्या मैदानात तुला एवढे काय मिळते? तो म्हणाला, “सगळे एकदम गायला लागतात ना काका, तेव्हा अंगावर काटा येतो.” हे वाक्य आपल्या कोणत्याही भजनकऱ्याचे असू शकले असते.

मग तो भजनात का येत नाही? आमच्या मते, आम्ही त्यास तेथे श्रोत्याचेही स्थान दिले नाही आणि गायकाचेही. स्पर्धा-संमेलनांत त्याच्या वाट्यास सतरंज्या अंथरणे व पाहुण्यांस चहा देणे येते. चाल जुनीच हवी, वेश ठरलेलाच हवा, नवीन वाद्य नको, अशा पंचांपुढे तो किती काळ उभा राहील? पुण्याच्या मैदानात दुपारी तीनची का होईना, पण अनोळख्याला वेळ राखून ठेवलेली असते. आपल्या संमेलनात ती नाही. भजन मंडळांतील तरुण माणसे वर्षागणिक घटत आहेत. आज पन्नाशीत असलेली मंडळी थकतील, तेव्हा खंजिरी वाजवावयास कोण उरेल, हा प्रश्न आपल्या भाषेचाही आहे. कारण भजन गेले तर या भागातील मराठी केवळ स्वयंपाकघरात उरेल.

२०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौसर त्यात आले. नव्या जिल्ह्याच्या मराठी मंडळींनी आपल्या पुढील भजन संमेलनात एक तास तरुणांच्या स्वतःच्या रचनांसाठी ठेवावा, अशी आमची सूचना आहे. रचना मराठी असाव्यात आणि आवाज बेताचा असावा, एवढ्याच दोन अटी. गिटार आली तरी खंजिरी बाटत नाही. मात्र त्या तासाला ज्येष्ठांनी पहिल्या रांगेत बसावे आणि मध्येच उठू नये. तरुणांनीही आपला तास संपताच न जाता रात्रीची आरती होईपर्यंत थांबावे. जे आपल्यासाठी मांडलेले नाही तेही शेवटपर्यंत ऐकण्याची तयारी, एवढीच श्रोत्याची व्याख्या आम्हांस मान्य आहे, आणि ती दोन्ही पिढ्यांना सारखीच लागू आहे.