सांगली स्वस्त आहे, पण कुणाला?

मार्चमधली गोष्ट. ऑफिसातून फोन आला. कंपनी पुण्यातली, नाव सांगत नाही. "तुम्ही सांगलीतूनच काम करणार असाल तर आमची हरकत नाही, पण मग पगार लोकेशननुसार बसवावा लागेल. तिकडे कॉस्ट ऑफ लिव्हिंग कमी आहे ना." हातात येणाऱ्या 62 हजारांचे 50 हजार होणार होते. विचार करायला महिनाभर मुदत मिळाली.

फोन आला तेव्हा मी विश्रामबागेतल्या आमच्या गच्चीवर होते. शेजारी आई वर्षाच्या चटणीसाठी मिरच्या वाळत घालत होती. "काय म्हणतायत?" तिने विचारलं. "सांगली स्वस्त आहे म्हणतायत." ती हसली. "त्यांना मिरचीचा भाव सांग की."

त्या महिन्यात शहरांच्या खर्चाची तुलना करणारं जे हाताला लागलं ते मी वाचलं. वेबसाइटवरचे तक्ते पाहिले, रील्स पाहिली. पुण्यातल्या वनबीएचकेत उभा राहून भाडं, मेस, पेट्रोल असे आकडे स्क्रीनवर उडवणारा आणि शेवटी "काही उरत नाही भावांनो" म्हणणारा मुलगा तुम्हीही पाहिला असेल. त्याचा जुळा भाऊ लहान गावात गच्चीवर चहा पीत "इथे तीस हजारांत राजा" असं सांगत असतो. हा आता एक लेखनप्रकारच झालाय, मग त्याची समीक्षाही व्हायला हवी.

पहिली गोष्ट लक्षात येते ती म्हणजे या तुलनांचा नायक नेहमी एकटा असतो. त्याला आजारी वडील नाहीत, शिकणारा भाऊ नाही, मे महिन्यात लागोपाठ येणारी लग्नं नाहीत. तो एका शहरात उतरतो, त्याच शहरात कमावतो आणि तिथेच खर्च करतो. हे तक्ते मुळात कुणासाठी बनले ते पाहिलं की याचं नवल वाटत नाही. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट आणि मर्सर यांच्या नावाजलेल्या याद्या परदेशी पाठवलेल्या अधिकाऱ्याला किती भत्ता द्यायचा, हे कंपन्यांना कळावं म्हणून असतात. न्यूयॉर्कला मापाचा दगड करून बाकीची शहरं तोलायची. 2009 साली सुरू झालेल्या नंबिओवर आकडे तुमच्याआमच्यासारखे लोक भरतात, पण माप तेच, न्यूयॉर्क म्हणजे 100. 'द इकॉनॉमिस्ट'ने 1986 मध्ये काहीशा गमतीत काढलेला बिग मॅक निर्देशांक वेगळा, तो चलनांसाठी. भारतात त्यासाठी कोंबडीचा महाराजा मॅक धरावा लागला. म्हणजे बर्गरसुद्धा सगळीकडे एक नसतो, हे निदान त्या गमतीला कबूल आहे. गंभीर तक्त्यांना ते कबूल नाही.

आपल्या सरकारचा तक्ता मात्र मला अनपेक्षितपणे समजूतदार वाटला. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे एक्स, वाय, झेड असे वर्ग आहेत. मुंबई-पुणे एक्समध्ये, सांगली वायमध्ये, लहान गावं झेडमध्ये. सातव्या वेतन आयोगात महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेला तेव्हा, म्हणजे जानेवारी 2024 पासून, या वर्गांना मूळ पगाराच्या 30, 20 आणि 10 टक्के भाडेभत्ता लागू झाला. मूळ पगार 50 हजार असेल तर पुण्यात 15 हजार, सांगलीत 10 हजार. फरक पाच हजारांचा. आणि महागाई भत्त्याचा दर? तो देशभर एकच. जागा स्वस्त असू शकते, एवढंच सरकार म्हणतं. मोबाइलचा रिचार्ज, लॅपटॉप, परीक्षेचा फॉर्म, कर्जाचा हप्ता सांगलीला आला म्हणून लहान होत नाही, हे त्यात गृहीत आहे. माझ्या कंपनीने मात्र मूळ पगारालाच कात्री लावली होती.

(सरकारचंही सरकारशी पटतं असं नाही. 1962 च्या आयकर नियमांत पगाराच्या 50 टक्क्यांपर्यंत घरभाड्याची सूट फक्त मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईला दिली. भत्त्याला पुणे महाग, त्या नियमांतल्या करसवलतीला नव्हतं.)

हे आकडे राहू देत. आपण मराठीत शहरांची तुलना कशी केली? पटकन आठवतात ते पु. ल. देशपांडे आणि त्यांचा मुंबईकर, पुणेकर, नागपूरकर. ती तुलना स्वभावांची आहे. 'मुंबई-पुणे-मुंबई' (2010) मध्येही नायक-नायिका भांडतात ते शहराच्या तोऱ्यावरून. त्या स्पर्धेत तिसरी खुर्ची नागपूरची. सांगलीला आमंत्रणच नाही, आणि भाड्याची पावती कुणीच दाखवत नाही. आमच्या शहराचा तोरा म्हणाल तर हळद, भडंग आणि 1843 चं विष्णुदास भाव्यांचं 'सीतास्वयंवर', पण त्यावर कुणी भांडायला येत नाही.

भाड्याची पावती दाखवणारा सिनेमा आपल्या डोळ्यांसमोर आहे, पण आपण त्याला तसं बघत नाही. 'अशी ही बनवाबनवी' (1988). 'बीवी और मकान' (1966) या हिंदी सिनेमावर बेतलेला. त्यातल्या 70 रुपयांवर आपण अजून मीम करतो, आणि मूळ गोष्ट आहे पुण्यात राहायला जागा न मिळण्याची. खोली एकाची, राहणारे चार, घरमालकाला पत्ता लागतो. नवी जागा मिळते ती फक्त जोडप्यांना, म्हणून दोघं साड्या नेसतात. या विनोदाच्या पोटात एक सत्य आहे जे कुठल्याही तक्त्यात नाही: घरमालक भाडं विचारायच्या आधी तुम्ही कोण आहात ते विचारतो. सरासरी भाडं पंधरा हजार असेल, पण एकट्या मुलीसाठी, विशिष्ट आडनावासाठी, मांसाहार करणाऱ्यासाठी ते वेगळं असतं. पुण्यात एका घरमालकाने मला "रात्री यायला किती वाजतात?" असं विचारलं होतं. उत्तर आवडलं नाही. शेवटी चार हजार जास्त देऊन दुसरी जागा घेतली. ते चार हजार कुठल्या रकान्यात लिहायचे? विश्रामबागेतही 'फक्त फॅमिलीसाठी'च्या पाट्या आहेत, उगाच आव आणायला नको.

सिनेमाची तक्रार करायची तर एवढीच, की प्रेमं जुळल्यावर तो खोलीचा प्रश्न विसरतो. 'घरोंदा' (1977) विसरत नाही. मुंबईत फ्लॅटसाठी पै-पै साठवणारं जोडपं, बिल्डरची फसवणूक, आणि मग आजारी बॉसशी लग्न कर म्हणून प्रेयसीला सुचवणारा तो. अमोल पालेकरांचा चेहरा इतका साधा आहे की ते सुचवणं जास्तच खुपतं. शहर महाग आहे म्हणजे काय, हे मला त्या प्रसंगात कळलं तेवढं नंबिओवर कळलं नाही.

पण या सगळ्यांत एक गोष्ट सुटते, आणि ती मला आईच्या वहीत सापडली. तक्ते असोत की सिनेमे, ते शहरं सुटी सुटी धरतात. आमचं घर एका शहरात राहत नाही. धाकटा भाऊ पुण्यात शिकतो. वहीत एक पान आमच्या खर्चाचं: दूध, किराणा, भाजी, गॅस, वीज मिळून 11 हजार 400. समोरच्या पानावर 'पुणे': कर्वेनगरच्या खोलीतला वाटा 6,500, मेस 3,600, वरखर्च 2,000. एकूण 12 हजार 100. सांगलीतल्या आमच्या घराचा सगळ्यात मोठा खर्च पुण्याचा आहे. बाबांची पेन्शन त्यांच्या औषधांत आणि घराच्या पानावर जाते, पुण्याचं पान मी भरते. 'सांगलीत स्वस्त पडतं' म्हणून माझे जे 12 हजार जाणार होते, ते नेमके त्या पानावरचे.

पूर्वी पैसा उलटा वाहायचा. गिरणगावातून कोकणात, मुंबईच्या बाजारांतल्या माथाड्यांकडून सातारा-सांगलीकडे मनीऑर्डर यायची. तेव्हाही मुंबई परवडायची ती दुसऱ्या कुणाच्या तरी जिवावर. बायको गावात शेत आणि म्हातारी माणसं सांभाळायची, आणि मुंबईत जेवण खानावळवाल्या बायका घालायच्या. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांचं. गिरणी कामगाराच्या पगारात तो भागायचा, कारण या बायकांच्या कष्टाचा पुरा भाव कुणी लावला नव्हता. आता लहान शहरं मोठ्या शहरांना पैसे पाठवतात, यूपीआयने, पहिल्या तारखेला. शिवाय दूध भिलवडीहून जातं, डबे बसने जातात. पुण्याच्या रकान्यात 'दूध, एक लिटर' असं लिहिलेलं असतं तेव्हा ते कुठून आलं हे तक्ता विचारत नाही.

सांगलीच्या रकान्यातही काही राहून जातंच. इथे जागा बघताना पहिला प्रश्न पाण्याचा असतो, नळाच्या नव्हे, नदीच्या. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरानंतर तर जास्तच. आमची मावशी गावभागात राहते. 2019 ला ती, काका आणि शिलाई मशीन असे पंधरा दिवस आमच्याकडे होते. त्यांचं भाडं आजही आमच्या बाजूच्यापेक्षा बरंच कमी आहे. ते स्वस्त आहे का, हे तिला विचारायचं धाडस मला झालं नाही.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी मी मेल लिहिला. मूळ पगार आहे तसाच ठेवा, घरभाड्यातला फरक तेवढा कापा, सरकार कापतं तसा. दोन्ही वर्गांचे टक्के जोडले. वहीच्या पानाचा फोटोही जोडणार होते, पण आई म्हणाली, "आपल्या घरातलं त्यांना कशाला?" नाही जोडला. उत्तर आलं: वर विचारून सांगतो.

कांडपातून चटणी आली. आईने तीन बरण्या भरल्या. एक घरची, एक भावाची, एक त्याच्या रूममेटची, तो लातूरचा आहे आणि मागच्या वर्षी त्याने बोटाने बरणी पुसून खाल्ली होती. रात्रीच्या बसच्या ड्रायव्हरला पार्सलचे ऐंशी रुपये दिले. आईने ते पुण्याच्या पानावर लिहिले.