वेढा, कौल आणि परतीची वाट

युद्धखेळांवर टीका होते ती त्यांतल्या हिंसेवरून. माझा आक्षेप वेगळा आहे: या खेळांतल्या किल्ल्यांना परतीची वाट नसते.

'क्लॅश ऑफ क्लॅन्स' या मोबाइलवरच्या खेळात हल्ल्याला तीन मिनिटे मिळतात. २०२५पर्यंत एकदा उतरवलेला सैनिक लढाईत वाचला, तरी छावणीत परतत नसे. 'एज ऑफ एम्पायर्स'च्या दुसऱ्या भागात (१९९९) किल्ल्यात वीस जणांना आसरा मिळतो. किल्ल्याची ताकद एक पंचमांशावर आली, की ते थेट शत्रूपुढे बाहेर पडतात. 'युरोपा युनिव्हर्सालिस'च्या चौथ्या भागात (२०१३) वेढा अधिक विचाराने रचला आहे. ठरावीक दिवसांनी फासा पडतो. अन्नटंचाई, पाणीटंचाई, तटाला खिंडार अशा पायऱ्या येतात. मैदानात मोडलेली फौज तिथे दूरच्या मुलखात माघार घेऊ शकते. गडावरच्या शिबंदीला ती सोय नाही. गड पडला, की ती नाहीशी होते.

मी अच्छाडचा. उत्तरेला दमण, दक्षिणेला वसई, मध्ये डहाणू आणि तारापूर. हा सारा किनारा एके काळी पोर्तुगीजांच्या ठाण्यांचा. म्हणून खेळातला वेढा मी इथल्या वेढ्यांशी ताडून पाहतो.

जानेवारी १७३९मध्ये मराठ्यांनी तारापूर हल्ला करून घेतले. त्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले. हे खेळाच्या चौकटीत बसते. वसई बसत नाही. फेब्रुवारीपासून वेढा चालला. मे महिन्यात सुरुंगांनी बुरुज फुटला. तरीही शेवट कत्तलीने झाला नाही. कैतान द सौझ परैर या पोर्तुगीज अधिकाऱ्याने शरणागतीचा करार केला. शिबंदीने हत्यारांसह, निशाणे घेऊन, वाद्ये वाजवत बाहेर पडावे. चीजवस्तू नेण्यास आठवडाभराची मुदत. मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक. असा तो कौल.

चिमाजी अप्पांनी हे का मान्य केले? मराठ्यांची माणसे हजारोंनी खर्ची पडली होती. पावसाळा तोंडावर होता. दिल्लीत नादिरशहा उतरला होता आणि बाजीरावांना उत्तरेकडे फौज हवी होती.  वसईत घड्याळ बाहेरच्यांवरही चालत होते. शिवाय, जायला वाट मिळाली की आतल्याला शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचे कारण उरत नाही. ही निव्वळ दया नव्हती, हिशेब होता. पण त्या हिशेबात दोन्हीकडची माणसे वाचली.

वाट कधी आतल्यालाच काढावी लागते. जुलै १६६०मध्ये पन्हाळ्यावर शरणागतीची बोलणी लावून सिद्दी जौहरचा पहारा ढिला पाडला गेला आणि भर पावसात शिवाजी महाराज निवडक मावळ्यांसह विशाळगडाकडे निसटले. गड मागे लढवायला होताच. राजा आणि गड वेगळे करता येतात, हे त्या रात्रीचे सारे शहाणपण. घोडखिंडीतले बाजीप्रभूंचे बलिदान आपण पूजतो. पण ते माघार पुरी व्हावी म्हणून होते, हे विसरतो.

तेव्हा दोष एकट्या खेळांचा नाही. वसईची आपली गोष्ट चिमाजी अप्पांच्या निर्वाणीच्या उद्गारापाशी थांबते. कराराची कलमे मुलांना कोणी सांगत नाही. हरलेल्याला संपवायचेच असते, हे मुले मोबाइलवर शिकण्याआधी आपल्याच गोष्टींतून शिकलेली असतात.

मराठी मुलखातल्या वेढ्यांवर उद्या कोणी खेळ रचला, तर त्यात तोफ आणि सुरुंगांबरोबर कौलाचीही चाल असावी: मुदत किती, हत्यारे ठेवायची की नाही, राहणाऱ्यांचे काय. आणि दिलेला शब्द मोडला, तर पुढचा गड अधिक चिवटपणे लढेल, असा नियमही असावा.